कोपऱ्यातलं गवत

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी बाजू घ्यायला नको. दोन वेळा सरपंच झालो. त्या दहा वर्षांत जेवढी कामं केली त्यापेक्षा जास्त ओरडलो, असं बायको म्हणते, आणि बायको सहसा खोटं बोलत नाही. माझ्या ओरडण्याला गावात एकच बाई कधी घाबरली नाही. ती आमच्या ख्रिस्ती वस्तीतली एक म्हातारी, विधवा, जन्मभर ऊसतोड करून कंबर गेलेली. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. मी मात्र 'ए म्हातारे' अशी हाक मारायचो. तिच्याबद्दल आणि तिच्या मंडळीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं गाव पाटोद्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. गावामागचा डोंगर गायरान. माझ्या लहानपणापासून तो मी दोनच रंगांत पाहिला, पावसाळ्यात हिरवा आणि उन्हाळ्यात काळा. काळा अशासाठी की दरसाल उन्हाळ्याच्या तोंडाला कुणीतरी त्याला काडी लावायचं. जाळलं की नवं गवत जोमानं येतं असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. माझ्या वडिलांनी लावली, मीही लावली. झाडं म्हणाल तर खुरटी बोरं, थोडे हिवर, सीताफळाची झुडपं. तीही दरसाल जळायची, बुडातून पुन्हा फुटायची, आणि फुटलेलं शेरडं खाऊन टाकायची. मोर तेवढे कुठूनतरी ओरडायचे.

ख्रिस्ती वस्तीत अकरा घरं. पत्र्याचं एक छोटं चर्च, दारातल्या लिंबाला टांगलेली घंटा. दिवाळी झाली की आमच्याकडं मुकादमांच्या गाड्या येतात, आणि ज्याला कोयता पेलतो तो ऊसतोडीला जातो. सगळं गाव जातं तशी वस्तीही जाते. मग उन्हाळ्यापर्यंत मागं राहतात म्हातारी माणसं. म्हणजे रविवारी चर्चमध्ये मंडळी म्हणून जी बसायची ती नऊ-दहा म्हाताऱ्या, दोन म्हातारे आणि तालुक्याहून फटफटीवर येणारा एक तरुण पाळक. वणवे लागतात तेही नेमके ह्याच दिवसांत, गाव रिकामं असताना.

एके दिवशी ही सगळी वरात ग्रामपंचायतीत येऊन उभी राहिली. पाळकाच्या हातात अर्ज. गायरानाचा डोंगर आम्हाला राखायला द्या, म्हणाले. मालकी नको, लाकूड नको, काही नको. सात वर्षं कुणी तो जाळायचा नाही, त्याला कुऱ्हाड लावायची नाही, त्यात शेरडं सोडायची नाहीत. राखण आम्ही करू.

"सातच कावून?" मी विचारलं.

पाळक सांगायला लागला. त्यांच्या पवित्र शास्त्रात जमिनीला सातव्या वर्षी विसावा द्यायचा नियम आहे, पृथ्वी देवाची आहे, माणूस नुसता तिचा राखणदार आहे. चांगलं बोलत होता, पण लांबण लावत होता. मावशीनं त्याला मधेच थांबवलं.

"सरपंच, सा वर्ष राबायचं आन सातव्या वर्षी सुट्टी, आसा नेम हाय. ह्या डोंगरानं जलमात सुट्टी घेतली न्हाई. त्याची लई सुट्टी साठलीय. एकदम सात वर्ष द्या."

कचेरीत सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मनात डाव मांडला. त्या डोंगराच्या मुरमावर तेव्हा बऱ्याच जणांचा डोळा होता. रस्त्यांची कामं निघाली होती, डोंगराचा पायथा फोडला तर मुरूम हवा तेवढा. खोटं कशाला सांगू, माझाही डोळा होता. पण सरळ नाही म्हटलं असतं तर वस्तीची मतं गेली असती. म्हणून मी ठरावात एक अट घातली. सात वर्षांत डोंगर एकदा जरी पेटला तर राखण संपली, मग तो मुरमाला मोकळा. पहिल्याच उन्हाळ्यात पेटणार याची मला खात्री होती. दहा म्हाताऱ्या काय वणवा अडवणार, डोंबल!

"चालंल," मावशी म्हणाली. पाळक तिच्या तोंडाकडं बघतच राहिला.

त्याच वर्षी संक्रांत झाली आणि म्हाताऱ्या विळे घेऊन डोंगराच्या कडेला भिडल्या. डोंगराच्या चारी बाजूंनी चार-पाच हात रुंदीचा पट्टा धरायचा, त्यातलं गवत कापायचं आणि मग खराट्यानं झाडून जमीन पार उघडी करायची, म्हणजे बाहेरची आग आत शिरत नाही. जंगलखात्याचे लोक ह्याला जाळपट्टा म्हणतात. मावशी त्याला डोंगराचा करदोडा म्हणायची. सकाळी भाकरी बांधून जायच्या, ऊन चढलं की परत. त्यातली एक पार वाकलेली, ती सरळ उभी राहिली तरी गवत कापतेय असंच वाटायचं. एक डोळ्यांनी अधू, ती चाचपून गवताची मूठ धरायची. काम करता करता येशूची गाणी म्हणायच्या, चाल मात्र जात्यावरच्या ओव्यांची. ह्या करदोड्याला दीड महिना लागायचा.

मी मोटारसायकलवरून जाताना मुद्दाम थांबायचो. "ए म्हातारे, जमतंय का? का तुझ्या देवाला दोन दूत धाडायला सांगू?"

"सांगा की! येताना इळे घिऊन या म्हणावं."

पहिल्या उन्हाळ्यात डोंगर पेटला नाही. दुसऱ्याही नाही. त्यांनी एक वेगळीच रीत पाडली होती. होळीपासून पाऊस पडेपर्यंत रविवारची उपासना चर्चमध्ये व्हायची नाही, डोंगरमाथ्यावरच्या वडाखाली व्हायची. कारण चर्चमध्ये दोन तास दारं लावून बसलं तर तेवढा वेळ डोंगराकडं कुणाचं लक्ष नाही. तिथंही लोक पाळकाकडं तोंड करून बसायचे नाहीत. चारी दिशांना तोंडं करून बसायचे, ज्याची त्याची बाजू ठरलेली. पाळक बिचारा मधे उभा राहून सगळ्यांच्या पाठींना वचन सांगायचा. देवाला काय, मागून बोललेलं बी ऐकू येतं, असं मावशीनं त्याला समजावलं होतं म्हणे. वर जाताना प्रत्येकीच्या डोक्यावर पाण्याची कळशी असायची. वडाजवळच्या दगडी डोणीत ती ओतायची, पाखरांसाठी आणि जे कोणी रात्री येऊन पिऊन जाईल त्याच्यासाठी. ह्या वयात, त्या चढावर, रिकाम्या हातानं चढताना मला दम लागतो.

तिसऱ्या वर्षी डोंगराचा रंगच बदलला. गवत कमरेला लागायला लागलं. सीताफळं माणसाच्या छातीएवढी झाली. एकदा सकाळी रानात गेलतो तर पाच हरणं उतारावर उभी. मी पन्नाशीचा माणूस, आमच्या डोंगरात हरीण असतं हे मला पहिल्यांदा कळलं. मग लांडग्यांची एक जोडी आली, वरच्या दरडीत राहायला लागली, आणि त्यांनी नेमकं मावशीचंच करडू उचललं.

गावात बोंब झाली. राखा म्हणावं आता डोंगर! मी तर चवीनं तिच्या दारात गेलो. ती ओट्यावर बसली होती, डोळे सुजलेले. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं करडू होतं ते.

"काय म्हणतो आता तुझा देव?"

"त्यालाच इचारलं रविवारी, सगळ्यांच्या म्होरं," ती म्हणाली. "म्हणलं, देवा, आख्ख्या वस्तीत माझंच करडू दिसलं व्हय तुझ्या लांडग्याला? चांगलं सुनावलं त्याला."

"मग? काय म्हणाला?"

"काय म्हणतोय. लांडग्याला बी पिल्लं झाली आसत्याल. शेळी मोकळी सोडली ही गलती माझी." तिनं डोळे पुसले आणि शेळीला दावं वळायला बसली. मी टिंगल करायला गेलतो, पण मला तिचं कौतुक वाटलं. अर्थात तसं दाखवलं नाही, फटफटी सुरू करून आलो.

आता त्यांची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. पीक काढताना ही माणसं रानाचा एक कोपरा उभा ठेवतात. शास्त्रात तसं सांगितलंय म्हणे, रान कडेपर्यंत ओरबाडायचं नाही, कोपरा गरिबासाठी, परक्यासाठी ठेवायचा. स्वतःच्या तुकड्यात ठेवतात ते ठेवोत बापडे. पण हाताला सवय अशी पडलेली की दुसऱ्याच्या रानात मजुरीला आल्या तरी विळा कोपऱ्याशी येऊन थांबतो. एका साली माझ्या ज्वारीत मावशीनं तेच केलं.

"ए म्हातारे, हे कुणाच्या बापाचं ठेवलंस?" मी बांधावरून ओरडलो.

"जो मागू शकत न्हाई त्याचं," ती म्हणाली.

"रान माझं आन दान तुझं? काप आधी!"

तिनं विळा खाली ठेवला आणि बाभळीखाली जाऊन उभी राहिली. शेवटी मी दुसऱ्या बाईकडून तेवढा कोपरा काढून घेतला, तोंडाचा पट्टा चालूच. माझी बायको जेवण घेऊन आलती, ती बांधावर उभी राहून हे सगळं ऐकत होती.

राखणीचं पाचवं वर्ष उजाडलं. संक्रांतीच्याही आधी बायको पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडंच राहिली. घरात मी एकटा, हातानं चहा करून पिणारा, म्हणजे आधीच तिरसटलेला. मार्च संपत आलता. नांगरटीआधी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, वाळलेलं गवत आणि तुरीची धसकटं जाळायची असतात. माझं रान डोंगराला लागून, मधे फक्त त्यांचा पट्टा. गेली चार वर्षं मी धुरा बिनघोर पेटवत होतो, कारण आग त्या पट्ट्यापाशी जाऊन आपोआप विझायची. म्हणजे त्यांच्याच कष्टाच्या भरवशावर मी काडी लावत होतो आणि वर त्यांनाच टोमणे मारत होतो. हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

त्या दिवशी रविवार होता, झावळ्यांचा रविवार. ईस्टरच्या आधीच्या ह्या रविवारी ख्रिस्ती लोक हातात हिरव्या झावळ्या घेऊन गात गात निघतात, येशू गाढवावर बसून शहरात आला त्याची आठवण म्हणून. वस्तीतल्या म्हाताऱ्या पांढरी लुगडी नेसून, ओढ्यातल्या शिंदीच्या झावळ्या घेऊन सकाळीच डोंगर चढून गेलत्या. त्यांचं गाणं माझ्या रानापर्यंत ऐकू येत होतं. मी धुऱ्याला काडी लावली आणि बाभळीखाली तंबाखू मळत उभा राहिलो.

आधी सगळं रोजच्यासारखंच. धुरा चटचट जळत गेला. मग रानातून वावटळ उठली आणि आग पट्ट्याकडं पळाली. तिथं थांबायला हवी होती. थांबली नाही. डोंगर आणि माझं रान जिथं मिळतं तिथं, अगदी टोकाला, पट्ट्यातला एक खोलीएवढा तुकडा उभाच होता. कमरेइतकं वाळलेलं गवत, विळा न लागलेलं. आग त्याच्यावर चढली आणि पलीकडं डोंगरात उतरली.

"आग! आगं ए, आग लागली!" मी बोंबललो. डोंगर वाचावा म्हणून बोंबललो का आपण सापडलो म्हणून, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

वरचं गाणं एकदम तुटलं. उतारावरून पांढऱ्या लुगड्यांची रांग खाली यायला लागली. पदर खोचलेले, हातात त्याच झावळ्या. वाकलेली होती, अधू होती, एकही मागं राहिली नव्हती. पाळक झगा वर धरून पळत होता. त्या आगीच्या कडेनं ओळ धरून उभ्या राहिल्या आणि हिरव्या झावळ्यांनी आगीला झोडपायला लागल्या. मावशीचा आवाज सगळ्यांच्या वर. "तोंडाला जाऊ नका, बगलंनं धरा! बगलंनं! ए बाई, पदर सांभाळ!" मी शर्ट काढून पळत वर गेलो आणि झोडपायला लागलो. तिनं मला पाहिलं. "सरपंच, हितं या, हितं गवत लई हाय," एवढंच म्हणाली आणि मला जागा करून दिली.

दोन-अडीच तास चाललं. गावात जी काय माणसं होती ती घागरी घेऊन आली. दुपार कलली तेव्हा आग बसली. डोंगराचा चौथा हिस्सा काळा झाला होता. माथा वाचला, वड वाचला, लांडग्यांची दरड वाचली. पांढरी लुगडी सगळी काळी. मावशीच्या भुवया जळून गेल्या होत्या, हाताला टरटरून फोड आलते. मग ती वाकलेली म्हातारी मटकन खाली बसली. तिच्या हातात झावळीचा नुसता देठ उरला होता. "पाच वर्ष," ती म्हणाली, "पाच वर्ष गेली मातीत," आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. अट सगळ्यांनाच पाठ होती. डोंगर पेटला, राखण संपली.

"लागली कशानं?" पाळकानं विचारलं.

"कुणीतरी बिडी टाकली असंल," मी म्हणालो.

मावशीनं माझ्या धुऱ्याकडं पाहिलं. काळी रेघ सरळ माझ्या बाभळीपासून निघून त्या कोपऱ्याला भिडली होती, आंधळ्यालाही दिसावी अशी. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली.

"आन ह्यो कोपरा कापायचा कुणी सोडला?" त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्यानं चिडून विचारलं.

"म्या," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुरूमवाले माझ्या ओट्यावर हजर. अट मोडली, ग्रामसभा लावा. बुधवार ठरला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आणि स्वतःचं काही चुकलं की मी दुसऱ्यावर रागावतो, तसा मावशीवरच रागावलो. कोपरा ठेवला नसता तर माझी आग नेहमीसारखी विझली असती, मग कसली अट आणि कसलं काय! मंगळवारी बायको पुण्याहून परतली. तिनं पायांवर पाणी घेतलं न घेतलं तोच मी सुरू झालो.

"त्या म्हातारीच्या खुळ्या रिवाजानं घात केला. कोपरा म्हणे गरिबाचा! आता तिथं डोंगराच्या कडंला कोण गरीब येणार होता गवत कापायला?"

बायको पिशवीतून नातवाचं झबलं काढत होती. तिचा हात थांबला.

"मी," ती म्हणाली.

मला आधी काही कळलंच नाही.

"आवो, त्या दुष्काळाच्या साली गाय व्याली, कडबा संपला. तुमी म्हणालात, कुणाच्या दारात पेंडी मागायला जायचं न्हाई, सरपंचाच्या घरात कडबा न्हाई हे गावाला कळलं तर इज्जत काय राहील. गाय हाडं काढून उभी. मी रोज बांधावर जाऊन डोंगरातल्या गवताकडं बघत बसायची. मावशीनं बघितलं. काय इचारलं न्हाई. पुढच्या साली पट्टा कापला तवा आपल्या धुऱ्याजवळचा कोपरा त्यांनी उभा ठिवला. मला म्हणाल्या, बाई, कोपरा आमच्या हातानं कापायचा नसतो. लागंल तवा येऊन न्या, मागू नका. तवापासून दर साली होळीच्या आत मी कापून आणती. यंदा मी न्हवते."

"आन हे मला आत्ता सांगतीस?"

"आधी सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

ओरडलो असतो. गवत फेकून दिलं असतं, गाय उपाशी ठेवली असती, पण म्हातारीचं घेतलं नसतं. ती जे म्हणत होती ते खरं होतं. तीन वर्षं त्या गाईच्या दुधाचा चहा पिऊन मी फटफटीवर बसायचो आणि डोंगराशी थांबून 'ए म्हातारे, जमतंय का' म्हणायचो. मला लाज वाटली. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि बायकोनं आग्रहही केला नाही.

बुधवारी पारासमोर ग्रामसभा भरली. मुरूमवाल्यांनी ठराव वाचून दाखवला. पाळक काही बोलायला उठला, पण मावशीनं त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. हातांना फडकी बांधलेली.

"कोपरा म्या ठिवला," ती म्हणाली. "चूक माझी एकलीची. मंडळीची न्हाई. आन डोंगराची तर न्हाईच न्हाई. मला काय बोलायचं ते बोला, पर दोन वर्ष ऱ्हायल्यात, ती त्याला मिळू द्या."

"कोपरा कुणासाठी ठेवला, ते सांग की," एकानं मागून विचारलं.

"ते इचारू नका."

"आन आग कुणी लावली?"

"लावताना म्या बघितलं न्हाई. आमी वर गात हुतो." हे खरं होतं. खोटं ती बोलणार नव्हती, आणि खरं सांगून मला उघडं पाडणारही नव्हती. माझ्या जागी ती असती आणि तिच्या जागी मी, तर मी काय केलं असतं ते मला चांगलं माहीत होतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला हालचाल झाली. माझी बायको पदर सावरून उठायच्या बेतात होती. ती बोलली असती तर माझ्या वाट्याचंही तिनंच बोललं असतं. मी झटकन उभा राहिलो.

"आग मी लावली," मी म्हणालो. "बिडीबिडी काय न्हाई, मी खोटं बोललो. धुरा पेटवला आन हातातून गेली. आन कोपरा माझ्या घरासाठी ठेवलता. माझी गाय तीन उन्हाळे ह्यांच्या गवतावर जगली. अट मी घातली, पेटवला बी मीच. मग सजा ह्या बायांना कावून?"

मग मुरूमवाल्यांतला एक उठला. "सरपंच, उगी भरात येऊन बोलू नका. ठराव म्हंजे ठराव. पेटला तर राखण संपली, आसं तुमीच लिवलंय."

मग मात्र मी ओरडलो. जन्मभर फुकट ओरडलो, त्या दिवशी एकदा कारणी लागलं. "लिवलंय ना मी? मग मीच खोडतो! झावळ्यांनी आग विझवलीय ह्यांनी, भुवया बघ तिच्या! तू हुतास का तिथं? ज्याला डोंगर फोडायचाय त्यानं आधी तिच्या हातावरची फडकी सोडून बघावं आन मग हात वर करावा!" आणखीही बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हा राखण चालू ठेवा म्हणणारे हात आधी बायकांच्या बाजूनं वर गेले, त्यात पहिला माझ्या बायकोचा. मग इकडचेही गेले. डोंगर राहिला.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. त्याचं कारण हे नव्हतं असं बायको म्हणते. त्या बाबतीत ती खोटं बोलत असावी. सात वर्षं कधीच पुरी झाली. डोंगर परत मागायला कुणी गेलं नाही, आणि मंडळीनंही राखण सोडली नाही. जळालेल्या भागात सीताफळं पुन्हा फुटलीत, ह्या वेळी शेरडांनी खाल्ली नाहीत. हल्ली ऊसतोडीहून परतलेली माणसं आधी डोंगराकडं बघतात, मग घरात शिरतात.

पण मला सांगायचंय ते आगीनंतरच्या संक्रांतीचं. मी विळा घेऊन डोंगराला गेलो, न बोलावता. म्हाताऱ्यांनी मला वाकलेलीच्या शेजारची ओळ दिली आणि मी तिच्याहून मागं पडलो, त्यावर चार दिवस हसल्या. सरकत सरकत पट्टा माझ्या धुऱ्याच्या टोकाला आला आणि सगळे विळे थांबले. कोपरा. पाळक हळूच म्हणाला, "मावशी, औंदा हा उभा ठेवता येणार नाही."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. पण तिचा हात उठेना. कुणाचाच उठेना. जळालेल्या डोंगराच्या कडेला उभ्या राहून, पुन्हा आग लागू शकते हे माहीत असून, त्यांच्यानं कोपरा कापवेना. मग ती माझ्याकडं वळली.

"दादा, वाटा तुमचा हाय. तुमीच कापा. पर आजच कापून न्या."

"होय, मावशी," मी म्हणालो. तिला मी मावशी म्हटलेलं ते पहिल्यांदा. तिनं तसं दाखवलं नाही.

मी कापलं. भारा बांधला. गाडी बोलवायला खिशातला मोबाईल काढला, तोवर दोन म्हाताऱ्यांनी भारा उचललाच होता. डोक्यावर घ्यावा लागला. माझ्या घराण्यात कुणी डोक्यावर गवत वाहिलं नव्हतं. मान लटपटत होती, कुसळं सदऱ्यात शिरत होती, आणि तसाच मी भर सकाळी गावातून निघालो. माणसं दारात येऊन बघायला लागली. पारावर एकानं हटकलंच, "काय हो माजी सरपंच, कुणाचं गवत चाललंय हे?"

"जो मागू शकत न्हाई त्याचं," मी म्हणालो, आणि मान सांभाळत घरी आलो.